एकशेबारा नंबरची मुळी

रविवारी सकाळी साडेसातला पोलीस ठाण्यात फोन आला. पलीकडचा माणूस पत्ता अगदी नीट सांगत होता. विद्यापीठ, वनस्पतिशास्त्र विभाग, दुसरा मजला, डावीकडची शेवटची खोली. झालंय काय, ते मात्र त्याच्या तोंडून निघेना. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "माझी मुलगी उठत नाहीये."

इन्स्पेक्टरबाई हवालदाराला घेऊन पोचल्या, तेव्हा तो लेकीचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसला होता. विभागात त्याला सगळे डिंकमामा म्हणत. वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवायची आणि खाली लेबल लावायचं, हे काम तो तेवीस वर्षं करत होता. त्याच विभागात त्याची एकुलती एक लेक औषधी आणि उपयोगी वनस्पतींवर पीएच.डी. करत होती. सोमवारी तिचा प्रबंध जमा व्हायचा होता आणि त्याच दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते.

पोरगी जाऊन बरेच तास झाले होते, हे हात लावताच कळत होतं. बापाला ते कोणीतरी सांगायला हवं होतं. हवालदार खिडकीबाहेर बघायला लागला, तेव्हा बाईंनीच सांगितलं. डिंकमामानं मान हलवली, पण मांडी काही काढली नाही.

ती खोली म्हणजे विभागाचं हर्बेरियम, वाळवलेल्या झाडांचा संग्रह. भिंतींना लोखंडी कपाटं, कपाटांत हजारो झाडं, आणि डांबरगोळ्यांचा असा उग्र वास की बाईंचे डोळे चुरचुरले. मधल्या टेबलावर छोटी शेगडी, पातेल्यात मुळ्यांचा चोथा आणि शेजारी रिकामा कप. एक कापडी पिशवी, तिच्यावर नंबर ११२. त्याच नंबरची, झाड चिकटवलेली शीट उघडून ठेवलेली आणि तिच्यावर भिंग. एक वही, तिच्यात पेन्सिल. टेबलाच्या कडेला प्रबंधाच्या चार नव्याकोऱ्या प्रती विटांखाली दाबून ठेवल्या होत्या. बाइंडिंगचा गम अजून बोटाला लागत होता. बेसिनच्या कट्ट्यावर एक निळा कप धुऊन पालथा घातलेला होता. कोपऱ्यात फ्रीजर होता आणि त्याच्या दारावर तारखांचा कागद.

"आत्महत्या," हवालदार हळूच म्हणाला. "जिला झाडातलं एवढं कळतं, ती चुकून विष कशाला पिईल?"

बाई वही वाचत होत्या. शेवटच्या पानावर शनिवारची तारीख होती आणि खाली एवढंच: *घोट दुसरा, ३.१०. जीभ जड. शीट ११२ पुन्हा पाहिली. खरीच आहे. घोट तिसरा, ३.२५.* पुढचं पान कोरं.

"मरायला निघालेलं माणूस घोट मोजून वेळ लिहीत नाही," बाई म्हणाल्या.

"पण पहिला घोट कुठाय?" हवालदारानं विचारलं.

"राहिला असेल लिहायचा," हवालदारानंच स्वतःला उत्तर दिलं.

तासाभरात तिचे गाइड आले. विभागात त्यांना नुसतं 'सर' म्हटलं की पुरे. उंच, नीटनेटके, पुढच्या महिन्यात विभागप्रमुख होणार असलेले. डोळे लाल झाले होते आणि ते लाल खरे होते, हे बाईंनी मनात टिपून ठेवलं. त्यांनी पिशवी आणि शीट सरांसमोर सरकवली.

"हे नंबरांचं काय प्रकरण आहे?"

"झाड गोळा केलं की त्याला एक नंबर पडतो. पानाफुलांसकट फांदी शीटवर जाते, मुळं पिशवीत. दोन्हींवर तोच नंबर. मुळी वाळली, चिरली की डोळ्यांनी काही कळत नाही. मग नंबर बघायचा, शीट काढायची आणि पानाफुलांवरून ओळखायचं."

"हिची मुळी कुठली?"

"खेड्यात तिला घशाची मुळी म्हणतात. तिच्याच शेजारी दुसरी एक उगवते, खोटी मुळी. पहिली घसा बरा करते." सरांनी चष्मा पुसला. "दुसरी जीव घेते. वाळल्यावर दोन्ही दिसायला, वासाला सारख्या."

"मग काढा प्यायचा धोका का पत्करला तिनं?"

"आमची रीत आहे. प्रबंध जमा करायच्या दिवशी विद्यार्थी आपल्या वनस्पतीचं काहीतरी करून विभागाला देतो. पहिला घोट गाइडचा, दुसरा त्याचा स्वतःचा, मग बाकीचे. तिनं आधी करून बघितला असेल."

"शनिवारी तुम्ही किती वाजता निघालात?"

"बाराला. अर्धाच दिवस असतो."

"त्यानंतर तिची भेट?"

"नाही." सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हुशार मुलांच्या मनावर फार ताण असतो हो. शिवाय शुक्रवारी घरी काही वाजलं होतं म्हणे."

बाईंना ते 'म्हणे' अजिबात आवडलं नाही. पण वाजलं होतं, हे खरं निघालं.

डिंकमामाच्या घरी दोन खोल्या. आतल्या खोलीत पोरीची आई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. येईल त्याला ती एकच विचारायची, "तिनं आपणहून घेतलं का हो?" बाईंनाही तेच विचारलं. बाई म्हणाल्या, मला तसं वाटत नाही, पण मंगळवारपर्यंत थांबा. अशा आईला काय सांगावं याचं शिक्षण पोलिसांना कोणी देत नाही.

डिंकमामा बाहेर ओट्यावर बसून बोलला. शुक्रवारी जेवताना लेक म्हणाली, सरांच्या जुन्या निबंधात गडबड आहे असं मला पुन्हा पुन्हा वाटतंय, बाहेरचे परीक्षक आले की त्यांच्याशी बोलते. ह्याचं डोकं फिरलं. सरांनीच तिला घेतलं होतं, सरांमुळेच ह्याची नोकरी टिकली होती. पाण्यात राहून माशाशी वैर? तो ताटावरून उठला आणि म्हणाला, सरांच्या विरुद्ध तोंड उघडलंस तर मला तोंड दाखवू नकोस.

"आणि शनिवारी?"

"दोघंही एकाच खोलीत काम करत होतो. ती टेबलावर, मी खिडकीशी. बोललो नाही. एक वाजता मी निघालो, तेव्हा तिनं मागून 'बाबा' म्हणून हाक मारली. मी ऐकलं नाही असं दाखवलं." त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "मैत्रिणीकडे राहणार म्हणून आईला सांगून ठेवलं होतं तिनं. म्हणून रात्री शोधली नाही. फोन करावासा वाटत होता. पण म्हटलं, आधी तिचा येऊ दे. सकाळी मैत्रिणीला विचारलं, तर ती तिकडे गेलीच नव्हती. मग इथं शोधायला आलो."

मग तो म्हणाला, "बाई, ती खोटी मुळी तिनं वाळलेली ओळखली नसती, हे मान्य. पण शीट बघून? दहा वर्षांची असल्यापासून ती माझ्याजवळ बसून पानं ओळखायची. तिची चूक होणार नाही. म्हणजे मग तिनं मुद्दाम घेतलं. माझ्या बोलण्यानं घेतलं. दुसरं काय असणार?"

एक तर लेक अडाणी ठरत होती, नाही तर बाप खुनी. तिसरी वाट दाखवायची तर आधी ती सापडायला हवी होती.

बाईंनी रात्र त्या वहीबरोबर काढायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना ती पहिल्यापासून वाचली. पोरगी सगळं लिहायची. कुठल्या डोंगरावर जळू चिकटली तेसुद्धा. पंधरा दिवसांपूर्वीची एक नोंद होती: *शीट ११२ खोटी मुळी आहे. ११७ खरी. सरांच्या निबंधात उलट. सरांना विचारणे.* आणि गेल्या बुधवारची: *११२ पुन्हा पाहिली. खरी आहे. सर बरोबर. माझीच चूक. एवढी मोठी चूक कशी झाली? डोळे तपासून घ्यावेत. मनाचं ऐकायचं नाही, शीट सांगेल ते खरं.*

स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेणारी ती पोर त्यांना एकदाही भेटली नव्हती, पण आता ती त्यांच्या ओळखीची झाली होती.

सोमवारी परीक्षकांचं येणं रद्द झालं. बाई पुन्हा हर्बेरियममध्ये गेल्या. फ्रीजरवरच्या कागदावर डिंकमामाच्या अक्षरात शेवटची नोंद होती: ११२ आणि ११७. आत टाकल्या तेरा दिवसांपूर्वी, म्हणजे मंगळवारी, आणि बाहेर काढल्या पुढच्या मंगळवारी. शीटला हात लागला, दुरुस्ती झाली की कपाटात जाण्याआधी ती आठवडाभर गोठवायची, कीड मरावी म्हणून, अशी तिथली शिस्त. काय दुरुस्ती केली, असं विचारल्यावर डिंकमामा म्हणाला, डिंक सुटला होता. हे सांगताना तो जमिनीकडे बघत होता.

दोन्ही शीटा बाईंनी खिडकीपाशी नेल्या. कागद दहा वर्षांत पिवळट झाला होता. फांद्यांखालचा डिंक तांबूस आणि तडकलेला. लेबलांच्या कडेला मात्र पांढराशुभ्र, नवा. आणि ११२च्या छोट्या लेबलाभोवती चारही बाजूंनी कागद उजळ होता, बोटभर रुंदीची किनार असावी तसा.

मग त्यांनी हवालदाराला बाइंडरकडे पाठवलं आणि पिशव्या प्रयोगशाळेकडे.

मंगळवारी दुपारी चारला बाईंनी सरांना आणि डिंकमामाला हर्बेरियममध्येच बोलावलं. हवालदार दाराशी उभा राहिला. टेबलावर दोन शीटा, दोन पिशव्या, वही, प्रबंधाची एक प्रत आणि निळा कप.

"ती चुकली नाही, आणि तिनं मुद्दामही केलं नाही," बाई म्हणाल्या. "हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल."

डिंकमामानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पिशवी ११२ मधली मुळी खोटी आहे. काल रात्री प्रयोगशाळेनं कळवलं. ११७ मधली खरी. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी तिनं शीटांवर जे पाहिलं, ते बरोबर होतं. मग बुधवारी तिला उलटं का दिसलं? झाडं तर कागदावरून उठून इकडची तिकडे गेली नाहीत. लेबलं गेली."

बाईंनी ११२ची शीट पुढे ओढली. कागद उन्हाहवेनं पिवळा होतो, पण लेबलाखालचा होत नाही. ह्या लेबलाभोवती उजळ किनार आहे, कारण इथं दहा वर्षं ह्याच्याहून मोठं लेबल होतं. त्यांनी ११७च्या मोठ्या लेबलाच्या मापाचा कागद त्या किनारीवर धरून दाखवला. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही.

"दहा वर्षांपूर्वी सरांनी निबंधात हे दोन नंबर उलटे लिहिले. माणूस आहे, चुकतो. पण निबंध गाजला, आणि चूक कबूल करायची वेळ निघून गेली. ह्या पोरीनं ती पकडली आणि सरळ सरांकडेच गेली, कारण गुरूकडे जायचं असतं असं तिला शिकवलं होतं. सोमवारी परीक्षक शीटा उघडून बघणार होते. निबंध बदलता येत नव्हता. लेबलं बदलता येत होती."

"हा निव्वळ तर्क आहे," सर म्हणाले.

"लेबलं बदलायला कोणी सांगितलं, मामा?"

डिंकमामा म्हणाला, "सरांनी." सर त्याला म्हणाले होते, दहा वर्षांपूर्वी लेबलं लावताना तुझीच अदलाबदल झाली, आता गुपचूप नीट कर, बाहेर कळलं तर तुझी नोकरी जाईल आणि पोरीची मान खाली जाईल. त्याला पानं ओळखता येत होती, पण नंबर सरांचे होते. तेवीस वर्षांत त्यानं नंबराबद्दल कधी प्रश्न विचारला नव्हता.

"पिशव्या का नाही बदलल्या, सर?"

"त्या तिच्या कपाटात होत्या," सर बोलून गेले. "किल्ली तिच्या..."

ते थांबले, पण उशीर झाला होता.

"तरी मी ह्याला फसवणूक म्हटलं असतं, आणखी काही नाही," बाई म्हणाल्या. "पण शनिवारी तुम्ही इथं होतात. बाइंडरनं प्रती अडीचला आणून दिल्या. आतल्या प्रमाणपत्रावर तुमची सही आहे, शनिवारची तारीख घालून. रविवारी मी आले तेव्हा ती सही तिथं होती. बाराला गेलेल्या माणसानं अडीचला आलेल्या प्रतींवर सही केली कशी?"

बाईंनी निळा कप पुढे सरकवला.

"हा निळा कप तुमचा. एरवी तो तुमच्या खोलीबाहेर येत नाही, असं शिपाई सांगतो. आणि वहीत तिनं पहिला घोट लिहिलाच नाही. सुरुवातच दुसऱ्यापासून. राहिला नव्हता तो. पहिला घोट गाइडचा असतो, हे तुम्हीच मला सांगितलंत. तिनं तुमच्या कपात काढा ओतून तुमच्या हातात दिला. शेजारी ११२ची पिशवी होती. ह्या पिशवीत काय आहे, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तुम्ही प्यायलात का, सर?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"ती बरण्या आवरत होती. तिची पाठ होती माझ्याकडे," ते म्हणाले. "मी बेसिनमध्ये ओतला. कप धुतला. ती वळली आणि म्हणाली, कसा झालाय? मी म्हटलं, छान." त्यांचा आवाज चिरकला. "मला वाटलं, जीभ जड झाली की थुंकून टाकेल. एवढी सावध मुलगी. मला वाटलं, थांबेल ती."

"थांबली होती," बाई म्हणाल्या. "जीभ जड झाली तेव्हा थांबली. शीट पुन्हा काढली, भिंग लावून पाहिली. शीट म्हणाली, खरी. सर तर तिच्या देखत प्यायले होते. मग तिनं तिसरा घोट घेतला. एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला. 'पिऊ नकोस' एवढंच. पण पुढचं वाक्य 'का' असं आलं असतं, म्हणून तुम्ही जिना उतरून घरी गेलात."

हवालदारानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना सर डिंकमामापाशी घुटमळले. त्यानं वर पाहिलं नाही.

खोलीत दोघंच उरले. जबाब लिहायला बाईंनी कागद ओढला. तुम्हाला फसवून काम करून घेतलं, तुमच्यावर गुन्हा लागणार नाही, असं त्या सांगत होत्या. डिंकमामा ऐकत नव्हता.

"एक लिहायचं राहिलंय," तो म्हणाला. "शुक्रवारचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. ती नुसती सरांबद्दल बोलली नव्हती. तिनं मला सरळ विचारलं. म्हणाली, 'बाबा, तुम्ही खरं सांगा, ही लेबलं कोणी बदलली का?'"

बाईंचा पेन थांबला.

"मी नाही म्हटलं. म्हटलं, तुझ्याच बघण्यात चूक झाली. मग स्वतःचाच राग आला, तो तिच्यावर काढला. सरांनी सांगितलं ते लिहा, आणि हेही लिहा. तिच्या बापानं हो म्हटलं असतं, तर ती आज असती."

तसं म्हणू नका, असं बाईंना म्हणायचं होतं. पण ते खरं होतं, आणि त्या माणसाला कुणी आणखी एक खोटं सांगावं असं त्यांना वाटेना. त्यांनी त्यानं सांगितलं तसंच, शब्द न बदलता लिहिलं. त्यानं वाचून पाहिलं आणि खाली सही केली.

"तिच्या आईनं घरी विचारलं तर आता सांगता येईल," तो उठत म्हणाला. "तिनं आपणहून घेतलं नाही."

"हो. ते नक्की सांगा."

"मग ती विचारेल, तर कसं झालं."

"आज नका सांगू सगळं," बाई म्हणाल्या. " थोडे दिवस जाऊ देत. त्यांना झेपणार नाही. आणि तुम्हालाही त्या..." पुढचं त्यांना बोलवेना. तुम्हालाही त्या सोडून जातील.

"जाईल ती," डिंकमामा म्हणाला. "मला ठाऊक आहे. पण लेकीनं एकदा विचारलं, तेव्हा खोटं बोललो. आता तिच्या आईशी खोटं नाही बोलणार."

त्यानं खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि तो घरी गेला.